गिरडचे दगड आणि शुक्रवारची मुदत

आमच्या नालवाडीच्या घरात एक जपानी मुलगी जवळजवळ वर्षभर राहिली. एकोणीसशे ऐंशीच्या आगेमागे. सेवाग्रामच्या वाटेवरच्या एका संस्थेत ती सूत रंगवणं आणि हातमाग शिकायला आली होती. संस्थेत तेव्हा मुलींसाठी राहायची सोय नव्हती आणि आमची समोरची खोली, अकरा फूट बाय नऊ, धाकट्या बहिणीचं लग्न झाल्यापासून रिकामी होती. संस्थेतले एक शिक्षक माझ्या ओळखीचे. त्यांनी मला विचारलं, मी आईला विचारलं. आई म्हणाली, "परक्या मुलखातली पोरगी, जाईन कुठी? राहू दे."

परदेशी माणूस घरात ठेवायचा तर पोलीस कचेरीत कागद भरून द्यावा लागतो. त्या कागदावर 'जबाबदार इसम' या शब्दांपुढं माझी सही आहे. पुढं जे झालं त्यात माझी झोप उडाली ती या सहीमुळं.

मी पाटबंधारे खात्यात आहे. त्या काळात धाम नदीच्या पाण्याची पातळी सकाळी आठ वाजता पट्टीवर पाहायची आणि वहीत लिहायची हे माझं काम होतं. आठ म्हणजे आठ. या सवयीचा घरच्यांना जाच होतो हे मला मान्य आहे, पण सवय गेली नाही.

ही मुलगी नेमकी उलट. बावीस वर्षांची, बारीक, पायात कायम कापडी बूट आणि खांद्याला झोला. झोल्यात चित्रांची वही. सुट्टी मिळाली की काहीतरी पाहायला निघायची, आणि काय पाहील याचा अंदाज नसायचा. पहिल्याच रविवारी मी तिला पवनारला घेऊन गेलो. नदी, आश्रम, जुन्या मूर्ती, सगळं दोन तासांत दाखवून बाराच्या बसनं परत यायचं असं ठरवलं होतं. तिनं मूर्तींना नमस्कार केला, आणि मग घाटावर एक बाई गोधडी धूत होती तिच्याशेजारी जी बसली ती पावणेतीनपर्यंत. गोधडीचे टाके तिनं वहीत उतरवून घेतले. त्या बाईनं तिला गोधडीचं एक टोक पिळायला दिलं.

बाई मला म्हणाली, "तुमची पोट्टी कामाची हाय, भाऊ. बोलत नाई फक्त."

बोलायला ती तीन महिन्यांत लागली. संस्थेत हिंदी आणि आमच्या घरात आईचं बोलणं. आईशी ती दिवसातून दोन तास तरी बसायची, त्यामुळं तिची मराठी थेट आईची झाली. मले, तुले, काऊन. माझी बायको वरुडची, शाळेत शिकवायची. ती तिला शुद्ध बोलायला शिकवायला गेली. दोन दिवसांनी बायकोच 'मले' म्हणायला लागली आणि तो नाद सोडला.

दिवाळीनंतर ती एकटी हिंडायला लागली. सिंदीला कापसाचा बाजार पाहायला गेली आणि दुपारच्या गाडीऐवजी संध्याकाळच्या गाडीनं आली, केसांत कापूस अडकलेला. केळझरला गेली तेव्हाही तेच. दर वेळी मी फाटकाशी उभा. दर वेळी ती लांबून हात हलवत यायची आणि माझ्या छातीवरचा दगड उतरायचा. शेवटी मी एक पद्धत बसवली. निघताना तिच्या हातात चिठ्ठी द्यायची: जायची बस, यायची बस, चुकली तर पुढची बस, कुठं बदलायची.

आई म्हणायची, "काऊन रे, पोरीले कागद देऊन राह्यला? भाकर दे ना बांधून."

"भाकर वहिनीने दिली, आई," ती म्हणायची. "दादाचा कागद पण पाहिजे. दादाले बरं वाटते."

फेब्रुवारीत तिच्या मुक्कामाची पहिली मुदत संपत होती. सहा महिन्यांची परवानगी होती ती आणखी सहा महिने वाढवून घ्यायची, कारण परीक्षा एप्रिलमध्ये आणि हातमागाचं उरलेलं काम त्यानंतर. अर्ज दिला होता, संस्थेचं पत्र जोडलं होतं. शेवटच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, तिनं स्वतः पासपोर्ट घेऊन कचेरीत हजर राहायचं, म्हणजे शिक्का मिळणार. मी तिथल्या कारकुनांना विचारलं होतं, एखादा दिवस उशीर झाला तर?

ते म्हणाले, "मग कागद वर जाईल. वर काय होईल ते माझ्या हातात नाही. कदाचित देश सोडून पुन्हा नव्यानं परवानगी घेऊन यावं लागेल."

तसं झालं तर एप्रिलची परीक्षा गेली. तिच्या वडिलांचं पत्र आमच्याकडं आलं होतं, शिक्षकांनी ते वाचून दाखवलं होतं: एकच वर्ष दिलं आहे, त्यात शिकून ये, दुसरं वर्ष देता येणार नाही. म्हणजे ती परत येणार नव्हती.

त्याच आठवड्यात संस्थेला सुट्टी आली आणि तिनं गिरडला जायचं काढलं. गिरडच्या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याचा माल फकिराच्या शब्दानं दगड झाला, अशी गोष्ट आमच्याकडं सांगतात. ती गोष्ट आईनंच तिला सांगितलेली. माझी धाकटी बहीण तिथून चार किलोमीटरवरच्या गावात दिली आहे. मी हिशेब मांडला. सोमवारी जायचं, मंगळवारी टेकडी पाहायची, बुधवारी परत. गुरुवार हाताशी राखून ठेवलेला. शुक्रवारी कचेरी. माझ्या मते यात चूक राहायला जागाच नव्हती. चिठ्ठी दिली. बहिणीसाठी वेगळं पत्र दिलं, त्यात रीतीप्रमाणं लिहिलं की ही आपल्या घरचीच लेक समज, काही कमी पडू देऊ नको.

बुधवारी संध्याकाळची बस आली, ती आली नाही. गुरुवारी सकाळची बस आली, ती आली नाही. त्या गावात फोन नव्हता. मी कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि साडेअकराच्या हिंगणघाट बसमध्ये बसलो. हिंगणघाटला बदललं. वाटेत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. टेकडीवरून पडली, ताप आला, चुकीच्या बसमध्ये बसली आणि चंद्रपूरला उतरली, असं सगळं. फाट्यावर उतरलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि हिंगणघाटकडं जाणारी दुपारची बस वीस मिनिटांपूर्वी निघून गेली होती. त्यानंतरची बस दुसऱ्या दिवशी सकाळी सातला.

बहिणीच्या ओट्यावर ती बसली होती. समोर तुरीच्या शेंगांचा ढीग, आजूबाजूला चार बायका, मांडीवर कुणाचं तरी तान्हं मूल. धडधाकट. मी अंगणातच थांबलो. आधी जीव भांड्यात पडला आणि लगेच राग आला.

"दादा, तुमी काऊन आले?" ती उठून उभी राहिली.

"मी काऊन आलो? आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग?"

तिनं बहिणीकडं पाहिलं. बहीण हात पुसत पुढं आली. "दादा, उन्हातून आला, पाणी तं पे आधी. अरे, बुधवार हा तिसरा दिवस होता तिचा. तिसऱ्या दिशी पाहुण्याले कोणी काढून देते का? अन् त्यातून बुधवार. बुधवारी लेक पाठवत नाईत हे तुले ठाऊक नाई?"

"आणि आज सकाळी?"

"आज सकाळी निघाली होती. पण आत्याबाई म्हणे, उद्या अवस, आज दुपारूनच लागते. अवसेच्या तोंडावर कशाले पाठवता? शनिवारी पाठवू."

मी खाली बसलो. बसच्या वेळा, बदलायची ठिकाणं, राखीव दिवस, सगळं मी धरलं होतं. फक्त पंचांग धरलं नव्हतं, आणि 'घरची लेक समज' असं पत्रात स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पाहुणी म्हणून पाठवली असती तर कदाचित बुधवारी सोडली असती. लेक म्हटल्यावर लेकीचे सगळे नियम तिला लागू झाले.

"तू सांगितलं नाहीस, शुक्रवारी काम आहे म्हणून?" मी तिला विचारलं.

"सांगितलं. तीन वेळा सांगितलं."

बहीण म्हणाली, "सांगितलं ना तिनं. म्हणे, जमलं तर शुक्रवारी गेलेलं बरं होईन. जमलं तर! आमाले वाटलं, असंच म्हणते."

नंतर मला समजलं की तिच्या घरी म्हाताऱ्या माणसासमोर 'मला जायचंच आहे' असं तोंडावर म्हणणं उद्धटपणाचं असतं. तिनं तिच्या परीनं ठणकावून सांगितलं होतं. आमच्याकडच्या कानांना ते ऐकूच गेलं नाही.

आता या आत्याबाईंना, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंना, समजावायचं होतं. घरात शेवटचा शब्द त्यांचा. सत्तरीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दाणे निवडताना मान वर करत नसत. मी त्यांना मावशी म्हणतो. मी परीक्षा सांगितली, शिक्का सांगितला, तिच्या बापाचं पत्र सांगितलं.

"मले समजते," मावशी म्हणाल्या. "पण लेक सुखरूप पोचली पायजे ना. अवसेले निघाली अन् वाटेत काई झालं, तिच्या बापाले तोंड कोण दाखवन? तुमचा साहेब दाखवन का?"

"मावशी, अमावस्या शुक्रवारी दुपारी संपते. मी पाहिलं आहे." पाहिलं नव्हतं, बसमध्ये शेजारच्यानं सांगितलं होतं.

"मंग दुपारून जा."

"दुपारच्या बसनं वर्ध्याला पोचेपर्यंत कचेरी बंद होते."

"मंग साहेबाले म्हणा, सोमवारी येतो. तो काई अवसेले जन्मला नसन."

जावईबापू खाटेवर बसून ऐकत होते. ते हसले. "साळेसाहेब, तुमी नदी मोजता ना? आता माह्या मायले मोजून दाखवा. तीस वर्सं झाली, मले तळ लागला नाई."

मला हसू आलं नाही. मी सांगून टाकलं की सकाळी सातच्या बसनं मी तिला नेणार, कुणाला राग आला तरी. बहिणीचा चेहरा उतरला. मी तर निघून जाईन, पण तिला त्या घरात राहायचं होतं, सासूचा शब्द तिच्या माहेरच्या माणसानं मोडल्यावर. हे मला बोलून झाल्यावर समजलं. बायका तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या.

मावशींनी पहिल्यांदाच मान वर केली. माझ्याकडं नाही, मुलीकडं.

"तुहा झोला कुठी हाय, बाई? दोन दिवसांपासून दिसत नाई."

"फाट्यावर. चहावाल्याकडे."

"तिथी काऊन?"

टेकडीवरून तिनं इतके दगड गोळा करून आणले होते की झोला उचलवेना. उतरल्यावर फाट्यावरच्या चहावाल्याकडं तो ठेवला, म्हणजे बुधवारी जाताना तिथूनच बसमध्ये चढवता येईल. चित्रांची वही फक्त काढून घेतली होती.

"कपडे हायेत त्यात?"

"एक साडी. आईनं दिलेली."

"कोणत्या दिशी ठेवला?"

"मंगळवारी."

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. "मंग काऊन भांडून राह्यले तुमी सारे? पोरीचं पस्तान तं मंगळवारीच झालं. ती निघालेलीच हाय. निघालेल्या माणसाले अवस कशाची?"

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाईट दिवशी प्रवासाला निघणं भाग असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एखादी वस्तू गावाबाहेर नाहीतर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. प्रस्थान ठेवणं म्हणतात त्याला. माझे आजोबा खटल्याच्या तारखेला जाताना ठेवत असत, पण मी ते कधी पाळलं नव्हतं आणि गरजेच्या वेळी मला आठवलंही नाही. ज्या मोजमापानं आम्ही अडकलो होतो, त्याच मोजमापात सुटायची वाट होती. ती मला ठाऊक असायला हवी होती.

मावशींना तो झोला खरंच तेव्हाच आठवला की आधीपासून ठाऊक होता, हे मी पुढं बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "सकाळपासून ठाऊक असन. चहावाला त्यांचा भाचा लागते. पण तू आवाज चढवला नसता तं त्यांनी सांगितलं नसतं."

शुक्रवारी सकाळी सातच्या बसला पोचवायला बारा माणसं आली. मावशींनी तिच्या हातावर दही ठेवलं, ओटी भरली, आणि मला म्हणाल्या, "घरी पोचल्यावर कार्ड टाकजो. तुहं नाई, तिचं." चहावाल्यानं झोला आणून दिला. मी उचलून पाहिला. आठ किलोच्या खाली नव्हता.

बस हिंगणघाटपर्यंत ठीक आली. तिथं वर्ध्याची बस पाऊण तास उशिरा लागली. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही नालवाडीत. पासपोर्ट तिच्या खोलीतल्या पेटीत. आईनं ताटं वाढली होती, ती झाकून ठेवायला लावली. "दोन घास खाऊन जा वो," असं ती रस्त्यापर्यंत म्हणत आली. सायकलवर मी, मागं कॅरिअरवर ती. कचेरीत पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. बाकावर बसून राहायचं.

तिथं मी तिची वही पाहायला मागितली. आजवर कधी मागितली नव्हती. मला वाटायचं, त्यात वेळ वाया घालवल्याचा पुरावा असेल. तिनं दिली. टेकडी होती, चहावाला होता, जातं होतं, मावशींचे हात होते, नुसते हात, सुपावर. आकडेमोडीची सवय असल्यामुळं माझं लक्ष कोपऱ्याकडं गेलं. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक रेघा. टेकडीच्या पानावर तीन आडव्या रेघा, एकाखाली एक. जात्याच्या पानावर दोन. मावशींच्या हातांच्या पानावर एक. मागची पानं उलटली, तिथं मला न वाचता येणारी चिन्हं होती.

"हे काय?"

"आकडे. आमचे."

"कशाचे?"

"किती दिवस राह्यले त्याचे. शुक्रवारपर्यंत."

मी आणखी मागं गेलो. केळझरच्या पानावर होतं. सिंदीच्या कापसाच्या गाड्यांवर होतं. अगदी पहिल्या, गोधडीच्या टाक्यांच्या पानावरही होतं. सहा महिने तिनं एकही दिवस न चुकता मोजला होता, आणि मी तिला बसच्या वेळा लिहून देत होतो.

"भीती वाटत होती?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण रोज एक चित्र काढलं तं दिवस फुकट नाई गेला, असं."

कारकून आले. पासपोर्ट पाहिला, रजिस्टर काढलं, तिच्याकडं पाहून हिंदीत विचारलं, इतके दिवस कुठं होतात.

"गिरडले गेलती. दगड पाह्याले," ती म्हणाली.

ते लिहिता लिहिता थांबले. शेजारच्या टेबलावरचेही वळून पाहायला लागले. "हे कुठं शिकलात?"

"नालवाडीले. आईपाशी."

"अहो, असं बोलता तर परवानगी कशाला लागते तुम्हाला?" असं म्हणून ते हसले, पण शिक्का मात्र शाई नीट लावून, सरळ धरून मारला. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजायला वीस मिनिटं होती. ऑगस्टपर्यंतची मुदत.

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसलो. दोन दिवसांत पोटात धड अन्न गेलं नव्हतं याची आठवण तेव्हा झाली. ती माझ्याशेजारी बसली आणि रडली. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. मला अशा वेळी काय करावं ते समजत नाही, म्हणून मी समोरच्या गाडीवरून उसाच्या रसाचे दोन ग्लास आणले. एक ग्लास झाल्यावर तिनं नाक पुसलं, वहीचं कोरं पान काढलं आणि कचेरीसमोरचं लिंबाचं झाड काढायला घेतलं. झाल्यावर वरच्या कोपऱ्यात आकडा लिहिला. या वेळी आपल्याकडचा, मला वाचता यावा म्हणून. १८२.

मी मनात मोजून पाहिलं. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, जुलै एकतीसचा.

"एकशे एक्याऐंशी," मी म्हणालो. "आजचा दिवस तू धरलास. आजचा आता काय राहिला?"

तिनं आभाळाकडं पाहिलं. ऊन चांगलंच वर होतं.

"अजून हाय ना, दादा," ती म्हणाली, आणि आकडा तसाच ठेवला.